नाव बदललं, आकडा टिकला

बेळगावजवळच्या मच्छे गावी विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं 'ज्ञानसंगम' हे आवार आहे. १९९८ साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ प्रत्येक विद्यार्थ्याला दहा चिन्हांचा क्रमांक देतं. मुलं त्याला 'यूएसएन' म्हणतात. पहिला आकडा विभागाचा : १ बंगळूर, २ बेळगाव, ३ कलबुर्गी, ४ म्हैसूर. पुढची दोन अक्षरं कॉलेजची. उद्यमबागेतल्या गोगटे इन्स्टिट्यूटची 'जीआय'. मग प्रवेशाचं साल, शाखा आणि शेवटी तीन आकडी अनुक्रमांक. ००१ क्रमांक प्रत्येक कॉलेजच्या प्रत्येक शाखेत असतो, तरी निकालात घोळ होत नाही, कारण त्याआधीची सात चिन्हं त्याला वेगळं ठेवतात.

सॉफ्टवेअरमध्ये या सोयीला नेमस्पेस म्हणतात. दोन गटांनी 'रिझल्ट' नावाचा क्लास आपापल्या परीनं लिहिला, तर कंपाइलरला नेमका कोणता हवा ते कळायला हवं. जावा भाषेनं त्यासाठी छान संकेत रूढ केला : पॅकेजच्या, म्हणजे तिथल्या नेमस्पेसच्या, नावात संस्थेचं डोमेन उलट्या क्रमानं लिहायचं. मच्छेच्या विद्यापीठाचं डोमेन 'व्हीटीयू.एसी.इन', म्हणून त्यांच्या पॅकेजचं नाव 'इन.एसी.व्हीटीयू' असं सुरू होईल. डोमेन जगात एकाचंच असल्यानं नावांची टक्कर आपोआप टळते.

पण नावात मालक आला की मालकीचे वादही येतात. ओरॅकलने एंटरप्राइज जावा इक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवलं, त्यातल्या पॅकेजांच्या 'जावाएक्स' या नावाचा हक्क मात्र दिला नाही. म्हणून डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या त्याच्या 'जकार्ता ईई ९' या आवृत्तीत 'जावाएक्स'च्या जागी 'जकार्ता' करावं लागलं. काम तेच, तरी जगभरच्या प्रोग्रॅमरांना इम्पोर्टच्या ओळी बदलाव्या लागल्या. त्यातही 'जावाएक्स.एसक्यूएल' मूळ जावाचा भाग म्हणून जुन्याच नावानं राहिलं, त्यामुळे सरसकट शोधून बदलण्याचीही सोय नव्हती.

यूएसएनचं शहाणपण इथे दिसतं. १ नोव्हेंबर २०१४ रोजी सरकारी कागदांवर बेळगाव, गुलबर्गा (आताचं कलबुर्गी), म्हैसूर या शहरांची इंग्रजी नावं बदलली. क्रमांकातले २, ३, ४ जागच्या जागी राहिले.

म्हणून प्रकल्पाच्या आत नेमस्पेसची विभागणी करताना टीमचं किंवा ग्राहकाचं नाव घालू नये. टीम वर्षभरात मोडते. 'परीक्षा', 'शुल्क', 'निकाल' अशी कामाची नावं द्यावीत. 'कॉमन' आणि 'युटिल्स' ही नावं तर मी सरळ नाकारतो. कुठे ठेवावं हे न सुचलेलं सगळं तिथे साठतं आणि नंतर ते कुणालाच सापडत नाही.