संगणकांतील जुळ्या पेट्या

घरांतील जुन्या चिठ्ठ्या, तसबिरी, हिशेबाच्या वह्या व वंशावळी आतां फडताळांतून निघून संगणकाच्या डिस्कमध्यें जाऊन बसल्या आहेत. डिस्क ही नाशवंत वस्तु. ती केव्हां तरी बंद पडणारच, हें गृहीत धरून घरच्या कर्त्या माणसानें आधींच तजवीज करावी. लिनक्स ही प्रणाली बसवितांनाच ती करणें सोयीचें. मागाहून करणें जिकिरीचें होतें.

या तजविजीचीं अंगें दोन. पहिलें प्रतिबिंबाचें. १९८८ सालीं बर्कले विद्यापीठांतील पॅटर्सन, गिब्सन व कॅट्झ यांनीं अनेक स्वस्त डिस्का एकत्र जोडण्याच्या रीती 'रेड' या नांवानें मांडल्या. त्यांपैकीं 'रेड १' मध्यें प्रत्येक अक्षर दोन्ही डिस्कांवर लिहिलें जातें. एक गेली तरी दुसरीवर काम चालतें. मात्र २ टेराबाइटच्या दोन डिस्का घेतल्या तरी जागा २ टेराबाइटच मिळते.

दुसरें अंग एलव्हीएमचें. डिस्कचे कायमचे विभाग पाडणें म्हणजे विटांच्या भिंती घालणें. एलव्हीएमचे खंड म्हणजे सरकते पडदे होत.

डेबियन बसवितांना विभागणी स्वहस्तें करण्याचा मार्ग निवडावा. दोन्ही डिस्कांवर समान विभाग पाडून ते रेडसाठीं राखावे व त्यांची जोडी जुळवावी. त्या जोडीवर एलव्हीएमचा समूह उभारून त्यांतून मूळ प्रणाली, स्वॅप व होम यांचे खंड काढावे. सगळी जागा मात्र वाटून टाकूं नये. एक्स्ट-४ पद्धतीचा खंड वापरांत असतांनाही वाढवितां येतो. आंखडावयाचा तर आधीं वापरांतून काढावा लागतो. यंत्र सुरू करणारा ग्रबही दोन्ही डिस्कांवर बसवावा. नाहीं तर कागद शाबूत आणि यंत्र मुकें, अशी गत व्हावयाची.

'/प्रॉक/एमडीस्टॅट' ही फाईल अधूनमधून वाचावी. तेथें दोन 'यू' दिसले तर जोडी धड आहे. एकाच्या जागीं आडवी रेघ दिसली तर एक डिस्क जोडींतून गळाली, असें समजून ती विनाविलंब बदलावी.

एक गोष्ट मात्र वाचकांनीं विसरूं नये. आरसा चूक सुधारीत नाहीं. मुलानें आजोबांची तसबीर पुसली, तर ती दोन्हींकडे त्याच क्षणीं पुसली जाते. घरास आग लागली, तर दोन्ही डिस्का एकदमच जातात. म्हणून तिसरी प्रत निराळ्या डिस्कवर काढून दुसऱ्या घरीं ठेवावी. जुळ्या पेट्यांनीं काम अडत नाहीं. ठेवा राखते ती ही तिसरी प्रत.