दूरचित्रवाणीची पारितोषिके आणि किल्लारी

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांना भूकंपाचा तीव्र धक्का बसला. गणेशविसर्जन आटोपून गावे गाढ झोपेत होती. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती व त्यांवरील जड माळवदे कोसळून हजारो माणसे प्राणास मुकली. त्यानंतर औसा तालुक्यातील किल्लारी हे नाव देशोदेशींच्या दूरचित्रवाणीवर झळकले. ढिगारे आणि चिता यांची दृश्ये घराघरांत पोहोचली. पुढे कॅमेरे परतले. पुनर्वसन मात्र अनेक वर्षे चालले.

एकाच घटनेचे हे दोन काळ दूरचित्रवाणीच्या दृष्टीने निरनिराळे असतात. आंतरराष्ट्रीय महोत्सवांनीही हा भेद मानला आहे. मोनॅकोचे राजे तिसरे रेनिए यांनी १९६१ मध्ये माँटे कार्लो येथे सुरू केलेल्या महोत्सवात ‘सुवर्ण अप्सरा’ ही मूर्तिका पारितोषिक म्हणून देण्यात येते. तेथे वार्तांकन व माहितीपट यांचे परीक्षण वेगवेगळे होते, आणि ते योग्यच आहे. वार्तांकनात तत्परता व अचूकता पाहावयाची, तर माहितीपटात विषयाशी राखलेले दीर्घ सान्निध्य.

शिक्षकांना विशेष रस वाटावा असे दोन उपक्रम आहेत. जपानच्या ‘एनएचके’ या प्रसारण संस्थेने १९६५ मध्ये शैक्षणिक कार्यक्रमांसाठी ‘जपान प्राइझ’ सुरू केले. त्याआधी, १९६४ मध्ये, म्यूनिच येथे मुलांच्या कार्यक्रमांसाठी ‘प्री जनेस’ स्थापन झाले. दर दोन वर्षांनी भरणाऱ्या या महोत्सवात जमलेले निर्माते एकमेकांचे कार्यक्रम पाहतात, त्यांवर चर्चा करतात आणि मते देतात. बंद खोलीतल्या निकालापेक्षा ही रीत अधिक शिकविणारी आहे.

तथापि पारितोषिक कार्यक्रमाचे मोल ठरविते, प्रेक्षकाच्या जीवनातील बदलाचे क्वचितच. याला एक ठळक अपवाद गुजरातेत घडला. खेडा जिल्ह्यात १९७५ पासून ‘इस्रो’च्या अहमदाबाद येथील केंद्राने पीज प्रक्षेपकावरून स्थानिक बोलीत कार्यक्रम दिले. सुमारे ४०० गावांतील सार्वजनिक संचांसमोर बसून शेतमजुरांनी मजुरीचे व अस्पृश्यतेचे प्रश्न पडद्यावर पाहिले. पुढे युनेस्कोने ग्रामीण संज्ञापनासाठीचे पारितोषिक या प्रकल्पास दिले.

किल्लारीच्या पुनर्वसनात अशा कार्यक्रमास भरपूर सामग्री होती. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या कार्यक्रमात ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. इतर अनेक गावांत घरमालकांनी शासकीय अर्थसाहाय्याने आपापली घरे दुरुस्त व मजबूत केली. त्यासाठी गावोगावी महिलांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. बांधकामाची माहिती त्या घराघरांत पोहोचवीत, अडचणी अधिकाऱ्यांपर्यंत नेत. चौकोनी आखणीच्या रुंद रस्त्यांवर जुन्या गल्लीचा शेजार कसा टिकला, शेत किती लांब पडले, भिंतीत लोखंडी सळई का घालावयाची, हे सारे चित्रित करण्याजोगे होते. ढिगाऱ्याच्या चित्रणास एक दिवस पुरतो. यासाठी मात्र त्याच गावात पुन्हा पुन्हा जावे लागते.

१९९३ मध्ये दहा वर्षांची असलेली मुले आज चाळिशी ओलांडून गेली आहेत. त्यांतील कित्येकांची मुले नव्या गावांतील शाळांत शिकतात. आजीच्या तोंडून ती पहाट ऐकून नोंदवून ठेवण्यास त्या शाळांना महोत्सवाची वाट पाहण्याचे कारण नाही; आज त्यासाठी शिक्षकाच्या हातातील दूरध्वनीही पुरेसा आहे.