वांग आणि त्यावरील उपचार

नाथसागराच्या कांठचें ऊन किती कडक असतें हें पैठणच्या मुलांस सांगावयास नको. शेतांत खुरपणीस जाणाऱ्या पुष्कळ स्त्रियांच्या गालांवर व कपाळावर तपकिरी डाग दिसतात, त्यांस आपण वांग म्हणतों. हा रोग संसर्गजन्य नव्हे. त्वचेंतील रंगपेशी मेलॅनिन नांवाचें रंगद्रव्य तयार करितात व तें उन्हापासून आपलें रक्षण करितें. ऊन, गरोदरपण किंवा कुलपरंपरा यांमुळें ह्या पेशी वाजवीपेक्षां अधिक काम करूं लागल्या, कीं वांग उमटतो.

स्नेहसंमेलन जवळ आलें म्हणजे कांहीं मुली 'आठ दिवसांत गोरें करणारीं' मलमें आणतात, हें आम्हीं पाहिलें आहे. त्यांच्या पालकांनीं अकोल्याची हकीकत अवश्य ध्यानांत घ्यावी. तेथील एक विद्यार्थिनी, तिची आई व बहीण अशा तिघींस मूत्रपिंडाचा विकार जडला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत शोध घेतां, त्या लावीत असलेल्या मलमांत पारा फार मोठ्या प्रमाणांत आढळला. हें प्रकरण २०२३ सालीं वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झालें. पारा रंगद्रव्याची उत्पत्ति रोखतो, म्हणून चेहरा आरंभीं खरोखरच उजळतो, आणि फसगत होते ती येथेंच! तोच पारा कातडींतून रक्तांत उतरतो व मूत्रपिंडांत सांचतो.

स्टेरॉइडयुक्त मलमांचीहि तीच गत. तीं मनानें महिनोन् महिने लाविल्यास कातडी पातळ होते, पुटकुळ्या येतात, व बंद करतांच चेहऱ्याची आग होते.

मग त्वचारोगतज्ज्ञ काय करितात? १९७५ सालीं अमेरिकेंतील क्लिगमन व विलिस यांनीं हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन व एक स्टेरॉइड यांचें मिश्रण सुचविलें. त्याचीं सुधारलेलीं रूपें आजहि देतात; मात्र ठराविक आठवडेच, व देखरेखीखालीं. तेवढ्यानें न भागल्यास ग्लायकॉलिक आम्ल थोडा वेळ लावून त्वचेचा वरचा थर सोलवितात. हें आम्ल उसांतहि असतें, म्हणून चेहऱ्यास उसाचा रस कोणीं चोळूं नये! लेसर किरणांचा उपाय शेवटचा. आपल्या सांवळ्या कातडीस त्याची उष्णता अधिक लागली तर डाग जाण्याऐवजीं अधिकच काळवंडतात.

कोणत्याहि उपचारास दोन-तीन महिने तरी लागतात, आणि उन्हांत उघड्या तोंडानें फिरल्यास वांग परत येतो. सबब डोक्यावरचा पदर, रुंद कांठाची टोपी व डॉक्टरांनीं सांगितलेलें ऊनरोधक मलम हीं औषधाइतकींच महत्त्वाचीं. ज्यांस खासगी दवाखाना परवडत नाहीं त्यांनीं छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयांतील त्वचारोग विभागांत दाखवावें, व घरीं वापरीत असलेली मलमाची नळी सोबत न्यावी.