गाडी सुरू होत नाही? आधी बॅटरी तपासा

शिक्षक मित्रांनो, पालकहो,
सिन्नरच्या थंडीत सकाळी चावी फिरवावी, तर सेल्फ नुसता 'टक-टक' करतो. इकडे शाळेची घंटा व्हायची वेळ! थंडीत बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते, इंजिन ऑइलही घट्ट होते. पण लगेच नवी बॅटरी घेऊ नका. आधी एवढं बघा :

१) हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवे एकदम मंदावले, तर बॅटरी उतरली असेल किंवा टर्मिनल सैल असेल. दिवे लख्खच राहिले, तर दोष बहुधा स्टार्टरकडे.

२) टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर आहे? आधी निगेटिव्ह वायर काढा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने घासा, कोरडं करून घट्ट आवळा.

३) मल्टिमीटर लावा. एका सेलचे सुमारे २.१ व्होल्ट, असे ६ सेल. म्हणजे पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्ट. १२ च्या खाली असेल तर ती उतरली. (हे गणित मुलांना जरूर द्या!)

४) गाडी चालू झाल्यावर पुन्हा मोजा. साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत. आकडा वाढतच नसेल तर आल्टरनेटर दाखवा. नाहीतर नवी बॅटरीही उतरेल.

एक सांगणं : बॅटरीत आम्ल असतं, हायड्रोजन वायूही निघतो. जवळ काडी पेटवू नका, मुलांना लांबूनच दाखवा.