वीरचक्राचे मोल

सैनिकाच्या छातीवरील पदक आपण आदराने पाहतो. पण ते कसे मिळते? परमवीरचक्र, महावीरचक्र व वीरचक्र हे सन्मान शत्रूसमोर दाखविलेल्या शौर्याबद्दल दिले जातात. अन्य प्रसंगीच्या शौर्यासाठी अशोकचक्र, कीर्तिचक्र व शौर्यचक्र आहेत. सैनिक पदकासाठी अर्ज करीत नाही. त्याचे अधिकारी घडलेल्या प्रसंगाच्या आधारे शिफारस करतात, वरिष्ठ पातळ्यांवर तिची छाननी होते आणि शेवटी राष्ट्रपतींच्या मान्यतेने सन्मान दिला जातो.

पदक केवळ विजयी वीरालाच मिळते काय? रायपूरचे सेकंड लेफ्टनंट राजीव पांडे यांचे उदाहरण पाहू. सियाचिन भागात सुमारे ६,५०० मीटर उंचीवर पाकिस्तानी ठाणे होते. मे १९८७ मध्ये पांडे यांची तुकडी बर्फाचा उभा कडा चढू लागली. शत्रूच्या गोळीबारात पांडे व त्यांचे अनेक साथीदार धारातीर्थी पडले. ठाणे हाती आले नाही. परंतु त्यांनी बांधलेले दोर कड्यावर राहिले. पुढील मोहिमेतील जवानांना ते दोर सापडले. २६ जून १९८७ रोजी नायब सुभेदार बाना सिंग व त्यांच्या साथीदारांनी ते ठाणे जिंकले.

बाना सिंग यांना परमवीरचक्र, तर पांडे यांना मरणोत्तर वीरचक्र मिळाले. छत्तीसगड शासनाने खेळाडूंसाठीच्या एका पुरस्काराला पांडे यांचे नाव दिले आहे. पदकाने यशाबरोबरच यशाची वाट तयार करणाऱ्या त्यागाचाही गौरव होतो, हे यावरून ध्यानी येते.