मिठबावच्या कुळशोधात इंग्रजी दप्तरांचा उपयोग

कोकणातील एखाद्या कुटुंबास आपला चार-पाच पिढ्यांमागील पूर्वज शोधावयाचा असला, की त्याची पहिली भिस्त बहुधा इंग्रजी कागदपत्रांवर असते. इंग्रज नोंदी ठेवण्यात काटेकोर होते, तेव्हा त्यांच्या दप्तरात आपल्या पणजोबांचे नाव सापडलेच पाहिजे, असा एक समज रूढ आहे. तो अर्धाच खरा आहे. इंग्रजी राजवटीने येथे जमीन, महसूल, नोकरी, खटला आणि प्रवास यांच्या नोंदी केल्या. कुळांची नोंद करणे हा तिचा उद्देश कधीच नव्हता. हा भेद ध्यानात घेतला तर ही दप्तरे फार उपयोगी पडतात. न घेतला तर भलताच पूर्वज पदरी पडतो. देवगड तालुक्यातील मिठबाव हे समुद्रकाठचे गाव उदाहरणादाखल घेऊन या शोधाची रीत प्रस्तुत लेखात सांगावयाची आहे.

प्रथम खुद्द इंग्लंडकडे पाहू. तेथे १५३८ पासून प्रत्येक चर्चने बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची पुस्तके ठेवावीत असा हुकूम झाला. १८३७ पासून सरकारी नोंदणी सुरू झाली आणि १८४१ पासूनच्या खानेसुमारीतील घरवार नावनिशी आजही वाचावयास मिळते. त्यामुळे तेथील मनुष्य नावावरून पूर्वजाकडे जाऊ शकतो. आपल्याकडे १८७२ पासून खानेसुमारी झाली खरी, परंतु तिची कोष्टके छापली गेली. घरवार नावांचे तक्ते जपून ठेवले गेले नाहीत. लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात मुंबई इलाख्यातील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदी आहेत. पण त्या मुख्यतः युरोपीय व युरेशियन ख्रिस्ती लोकांच्या आहेत. मिठबावच्या शेतकऱ्यास किंवा दर्यावर्द्यास तेथे शोधणे व्यर्थ होय.

मग शोध कोठून सुरू करावा? उत्तर असे, की गावाच्या नावापासून. आणि त्या गावावर कोणत्या काळी कोणत्या कचेरीचा अंमल होता या माहितीपासून. या किनाऱ्यावर इंग्रजी अंमल दोन टप्प्यांनी आला. १८१२ मध्ये करवीरकरांकडून मालवण आणि १८१८ मध्ये पेशव्यांच्या पाडावानंतर विजयदुर्ग-देवगडचा मुलूख त्यांच्या हाती गेला. १८१९ मध्ये दक्षिण कोकण हा जिल्हा झाला व १८२२ पासून त्याचे ठाणे रत्नागिरी येथे आले. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. म्हणून त्यापूर्वीच्या कागदांत मिठबावचा शोध रत्नागिरी जिल्ह्याखाली, आणि अगदी आरंभीच्या कागदांत दक्षिण कोकणाच्या सदराखाली घ्यावा लागतो. वरिष्ठ कचेऱ्यांचे कागद मुंबईच्या पुराभिलेखागारात आहेत. हे दप्तर १८२१ मध्ये स्थापन झाले.

येथे एक महत्त्वाची गोष्ट नमूद केली पाहिजे. ज्यास आपण इंग्रजी दप्तर म्हणतो ते वरच्या पायरीवर तेवढे इंग्रजीत आहे. कलेक्टर सरकारला लिहितो ते इंग्रजीत. त्यात गावाची बेरीज येते, माणूस क्वचितच येतो. खाली गावपातळीवर उतरावे तसा कागद मराठीत येतो आणि लिपी बहुधा मोडी असते. शोध करणाराने म्हणूनच इंग्रजी कागदातून साल व कचेरी यांचा पत्ता काढावा, आणि माणसासाठी मोडीकडे यावे.

गावपातळीवरील कागदांपैकी तीन विशेष महत्त्वाचे आहेत. पहिला जमिनीचा. रत्नागिरी जिल्ह्यातील खोती गावांना १८८० चा खोती कायदा लागू झाला, आणि त्यान्वये कोणती जमीन कोणते कूळ करते व खोतास काय देते याची नोंद झाली. या नोंदीस बोटखत म्हणतात. पुढे १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी आली व फेरफाराची नोंद होऊ लागली. कुळशोधात फेरफारास तोड नाही. कारण खातेदार मयत झाला की त्याचे वारस कोण, हे त्यातच लिहिले जाते. एका मृत्यूबरोबर दोन पिढ्या एका ओळीत सापडतात. दुसरा कागद म्हणजे गाव नमुना क्रमांक १४, अर्थात जन्ममृत्यूचे पुस्तक. लोक त्यास कोतवाल-बुक म्हणतात. यात बारशापूर्वीच नोंद झाल्यामुळे पुष्कळदा मुलाचे नाव नसते. अमक्यास मुलगा झाला, इतकेच असते. तेव्हा भावंडांचा क्रम लावूनच व्यक्ती ठरवावी लागते. तिसरा कागद शाळेचे जनरल रजिस्टर. त्यातील जन्मतारीख अनेकदा अंदाजाने सांगितलेली असते, पण वडिलांचे नाव व जात यांस ते चांगला आधार देते.

आता नावाचा प्रश्न. मुंबईस गेलेला मनुष्य तेथे मिठबावकर म्हणून ओळखला जाई. गावात मात्र सारेच मिठबावचे. तेथे त्यास कुळनावाने किंवा वाडीवरून ओळखीत. एकाच माणसाची दोन कागदांत दोन आडनावे असणे म्हणूनच स्वाभाविक आहे, आणि एकच आडनाव असलेली दोन घराणी परस्परांची कोणी नसणेही तितकेच स्वाभाविक. न्यायालयाच्या जुन्या निवाड्यांत पक्षकारांची नावे इंग्रजीत छापताना ‘बिन’, ‘वल्लद’ व ‘कोम’ हे शब्द तसेच ठेवले आहेत. पहिल्या दोहोंचा अर्थ अमक्याचा पुत्र, तिसऱ्याचा अमक्याची पत्नी. त्यांस नावाचा भाग समजू नये. शिवाय रोमन लिपीत ट आणि त यांत भेद राहत नाही, आणि हकार गळाला की ठ व थ हेही त्यांतच मिसळतात. सबब मिठबावचे ‘मितबाव’ किंवा ‘मिटबाव’ होण्यास वेळ लागत नाही. अनुक्रमणिकेत एकच वर्णरूप पाहून शोध थांबविणे धोक्याचे आहे.

या किनाऱ्यावरील माणसे समुद्रावर व समुद्रापार गेली, आणि तेथे मात्र इंग्रजी कागद माणसाच्या अधिक जवळ येतो. मुंबईत मशीद बंदरानजीकच्या खलाशीगृहात पहिल्या महायुद्धात समुद्रावर निधन पावलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक आहे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत अनेक भारतीयांच्या नावापुढे वडिलांचे नाव, गाव व जिल्हा दिला आहे. मॉरिशसचे उदाहरण याहून बोलके आहे. १८३४ पासून तेथे मुदतबंदीचे मजूर नेण्यात आले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी, मालवण, सावंतवाडी या भागांतील मराठी माणसे होती. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या नोंदवह्यांत प्रत्येकास एक क्रमांक असून जहाज, वय, पित्याचे नाव व मूळ मुलूख यांचा उल्लेख आढळतो. तेथे पहिल्या पुरुषाचे व्यक्तिनामच पुष्कळदा पुढील पिढ्यांचे आडनाव बनले. अशा कुटुंबास आडनावावरून कोकणातील घर सापडणे अशक्य. पित्याचे नाव व गाव यांवरूनच ते सापडू शकेल. मुंबईचे असो वा मॉरिशसचे, सूत्र एकच आहे: पित्याचे नाव, गाव आणि साल ही तिन्ही दोन स्वतंत्र कागदांत जुळल्यावाचून नाते सिद्ध झाले असे मानू नये.

या दप्तरांची मर्यादाही सांगितली पाहिजे. ज्याच्या नावे जमीन नव्हती, ज्याने खटला केला नाही, जो गाव सोडून गेला नाही, त्याचा ठाव जन्ममृत्यूच्या पुस्तकाखेरीज क्वचितच लागतो. स्त्रिया तर बहुधा कोणाची तरी पत्नी वा विधवा म्हणूनच येतात. माहेरचे नाव हरवते. वतनदार व खातेदार घराण्यांच्या वंशावळी लांब आणि भूमिहीनांच्या आखूड दिसतात, त्याचे कारण दप्तराच्या हेतूत आहे. त्यावरून कुळाच्या प्राचीनतेचे वा प्रतिष्ठेचे अनुमान काढणे चूक होय.

हा शोध आज केवळ हौसेचा राहिलेला नाही. वारसाहक्क व जातीचा दाखला यांसाठीही हेच कागद पुढे करावे लागतात, आणि मोडीतील एका अक्षराच्या वाचनावर एखाद्या कुटुंबाचा हक्क अवलंबून असतो. तहसील कचेऱ्यांतील जीर्ण पुस्तके जतन करणे आणि मोडी वाचणारी नवी पिढी तयार करणे, ही दोन्ही कामे बरोबरीने झाली पाहिजेत. कागद टिकला आणि वाचणारा उरला नाही, तर त्यातील माणसे दुसऱ्यांदा नाहीशी होतील.