मगदानला उतरलेले विमान

दिनांक 6 जून 2023 रोजी पहाटे एअर इंडियाचे एआय 173 हे विमान दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोकडे निघाले. बोईंग 777-200 एलआर या दोन इंजिनांच्या विमानात 216 प्रवासी आणि 16 कर्मचारी होते. रशियाच्या अतिपूर्वेकडील प्रदेशावरून जात असता एका इंजिनातील तेलाचा दाब कमी झाल्याचे आढळले. पुढे पॅसिफिक महासागर पसरलेला होता. वैमानिकांनी मार्ग बदलला आणि विमान मगदान येथे सुखरूप उतरवले. कोणालाही इजा झाली नाही.

वृत्तपत्रांच्या दृष्टीने बातमी येथे जवळजवळ संपली. प्रवाशांच्या दृष्टीने मात्र खरा प्रसंग येथून सुरू झाला.

मगदान हे ओखोत्स्कच्या समुद्राकाठचे शहर मॉस्कोपासून हवाई अंतराने जवळजवळ सहा हजार किलोमीटर दूर आहे. स्टॅलिनच्या काळात कोलिमाच्या सोन्याच्या खाणींकडे पाठविल्या जाणाऱ्या कैद्यांचे ते बंदर होते. तेथील सोकोल विमानतळ शहरापासून सुमारे पन्नास किलोमीटर अंतरावर असून धावपट्टी जवळपास साडेतीन किलोमीटर लांब आहे. मोठे विमान उतरण्यास ती पुरेशी ठरते. मात्र दोनशेहून अधिक परक्या माणसांची अचानक बडदास्त ठेवण्यास आसपासच्या सोयी पुरेशा नव्हत्या.

असे आडबाजूचे ठिकाण वैमानिकांना ऐनवेळी आठवते, असा एक समज आहे. तो खरा नाही. अमेरिकेत 1953 साली असा नियम झाला की, दोन इंजिनांच्या विमानाने एका इंजिनावर साठ मिनिटांत गाठता येईल अशा विमानतळापासून दूर जाऊ नये. इंजिने जसजशी भरवशाची होत गेली तसतशी ही मर्यादा सैल झाली. 1985 साली अटलांटिकवर बोईंग 767 ला 120 मिनिटांची मुभा मिळाली, पुढे ती 180 झाली आणि 2011 मध्ये बोईंग 777 च्या काही प्रकारांना 330 मिनिटांची मान्यता मिळाली. म्हणजेच महासागरावर किंवा हिमप्रदेशावर असलेल्या अशा प्रत्येक विमानामागे कोणता ना कोणता पर्यायी विमानतळ कागदावर नेमलेला असतो. धावपट्टीची लांबी, दिवे, अग्निशमनाची सोय आणि त्या वेळचे हवामान हे सारे निघण्यापूर्वीच पाहिलेले असते. बँकेच्या ताळेबंदात संभाव्य बुडीत कर्जासाठी जशी तरतूद करून ठेवतात, तशीच ही तरतूद होय. ती वापरावी लागली म्हणून कोणी हळहळू नये. ती त्यासाठीच केलेली असते.

अडचण अशी की, ही तरतूद विमानाची असते. माणसांच्या अंथरुणाची, जेवणाची, औषधाची आणि पैशाची तरतूद त्या प्रमाणात झालेली असतेच असे नाही.

मगदानमध्ये हेच घडले. कंपनीचा एकही कर्मचारी त्या गावात, किंबहुना संपूर्ण रशियात नव्हता. हॉटेलांत सर्वांची सोय करण्याचा प्रयत्न झाला, पण खोल्या पुरल्या नाहीत. अखेर प्रवाशांना बसमधून नेऊन वसतिगृहांत व शाळेत ठेवण्यात आले. काहींना वर्गातील जमिनीवर गाद्या टाकून रात्र काढावी लागली. त्यांत वृद्ध होते, लहान मुले होती. भाषा कळत नव्हती. विमानाच्या पोटातील सामान हाताशी नव्हते. ज्यांची नेहमीची औषधे त्या सामानात होती त्यांची पंचाईत सहज कल्पनेत येईल. स्थानिक लोकांनी यथाशक्ती मदत केली, हे येथे नमूद केलेच पाहिजे. आपल्या गावात अचानक दोनशे परदेशी उतरले तर आपण काय करू, याचाही विचार या निमित्ताने व्हावा.

जेवणाचा प्रश्न आपल्या वाचकांना विशेष जाणवेल. समुद्रकाठच्या त्या थंड प्रदेशात मासे व मांस हाच आहाराचा पाया. शाकाहारी प्रवाशांना सूप आणि पाव यांवर भागवावे लागल्याच्या हकिगती तेव्हा प्रसिद्ध झाल्या. ज्यांना कंदमूळही वर्ज्य, त्यांना ते सूपदेखील विचारपूर्वकच घ्यावे लागले असते. तिकिटावर ‘व्हीजेएमएल’ अशी जैन भोजनाची नोंद केलेली असली, तरी ते भोजन त्या उड्डाणापुरते विमानात चढवलेले असते. विमानाबाहेर पडल्यावर त्या नोंदीला काही अर्थ उरत नाही. रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्याला आणखी एक कोडे पडते: घड्याळ दिल्लीचे मानावे की मगदानचे? जून महिन्यात तेथे सूर्यास्त फार उशिरा होतो.

दुसरा प्रश्न पैशाचा, आणि व्यापारी कुटुंबांनी तो नीट समजून घेण्यासारखा आहे. मार्च 2022 मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्ड यांनी रशियातील व्यवहार थांबवले. तेव्हापासून रशियाबाहेर काढलेली या दोन कंपन्यांची कार्डे त्या देशात चालत नाहीत. खात्यात लाखो रुपये असले तरी पाण्याची बाटली घेण्यापुरते रूबल खिशात नसतील तर माणूस निर्धनच. विमान कंपनीची स्थितीही फार वेगळी नसते. जेथे कंपनीचे खाते नाही, पत नाही, तेथे इंधन, बस, जेवण अशा प्रत्येक गोष्टीसाठी कोणाची तरी हमी किंवा आगाऊ रक्कम लागते. त्यातून हे विमान आणि त्याचे इंजिन अमेरिकी बनावटीचे. अमेरिकेच्या निर्बंधांमुळे त्याचे सुटे भाग रशियात नेणे ही कायद्याच्या दृष्टीने नाजूक बाब. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानेही या घटनेवर आपले लक्ष असल्याचे सांगितले होते.

7 जून रोजी दुपारी मुंबईहून दुसरे 777 विमान प्रवाशांविना निघाले. त्यात अन्नपदार्थ व गरजेच्या वस्तू होत्या. नऊ तासांहून अधिक प्रवास करून ते 8 जूनच्या सकाळी मगदानला पोहोचले आणि स्थानिक वेळेनुसार साडेदहाच्या सुमारास सर्वांना घेऊन निघाले. सॅन फ्रान्सिस्कोला ते उतरले तेव्हा तेथेही तारीख 8 जूनच होती आणि मध्यरात्र उलटून काही मिनिटेच झाली होती. आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडल्यामुळे प्रवासी निघाले त्या वेळेच्या ‘आधी’ पोहोचले! कंपनीने भाड्याची पूर्ण रक्कम परत देण्याचे आणि पुढील प्रवासासाठी व्हाउचर देण्याचे जाहीर केले.

असे प्रसंग इतरत्रही घडले आहेत आणि त्यांतील फरक उद्बोधक आहे. जानेवारी 2019 मध्ये न्यूअर्कहून हाँगकाँगला जाणारे युनायटेडचे विमान एका प्रवाशाच्या आजारपणामुळे कॅनडातील गूज बे येथे उतरले. बाहेर उणे तीस अंशांच्या आसपास थंडी. विमानाचा दरवाजा गोठून नीट बंद होईना. रात्री सीमाशुल्क अधिकारी हजर नसल्याने इतरांना खाली उतरता येईना. धावपट्टी होती, इमारत होती, माणसेही होती. एका शिक्क्याअभावी प्रवासी चौदा तासांहून अधिक काळ विमानातच अडकून पडले.

त्याच प्रांतातील गँडर या गावाने 11 सप्टेंबर 2001 रोजी वेगळा अनुभव दिला. अमेरिकेचे आकाश बंद झाल्याने 38 प्रवासी विमाने तेथे उतरवण्यात आली. सुमारे दहा हजार वस्तीच्या गावात साडेसहा हजारांहून अधिक पाहुणे! शाळेच्या बसचालकांचा संप चालू होता. तो थांबवून ते कामावर आले. शाळा, चर्च, सभागृहे उघडली गेली. धर्मनिष्ठ ज्यू प्रवाशांसाठी कोशर स्वयंपाकाची वेगळी व्यवस्था करण्यात आली, ही गोष्ट आहारनियम पाळणाऱ्यांना विशेष सुखावणारी आहे. तेथे निर्णय घ्यायला माणूस होता आणि त्याला अधिकार होता, हाच मुख्य फरक.

ऑक्टोबर 2024 मध्ये दिल्लीहून शिकागोला जाणारे एअर इंडियाचे विमान बाँबच्या धमकीमुळे कॅनडाच्या उत्तरेकडील इकालुइट येथे उतरले. धमकी खोटी निघाली. प्रवाशांना पुढे नेण्यासाठी कॅनडाच्या हवाई दलाने आपले विमान दिले. सर्वत्र असे शेजारधर्म पाळणारे सरकार भेटेलच, असे गृहीत धरता येत नाही.

उड्डाणनियम करणाऱ्यांनाही हे उमगले आहे. अमेरिकेच्या 2007 च्या नियमांनुसार ध्रुवीय प्रदेशावरून किंवा 180 मिनिटांपेक्षा दूरच्या मार्गाने जाणाऱ्या कंपनीला केवळ पर्यायी विमानतळ नेमून भागत नाही. तेथे उतरलेल्या प्रवाशांना निवारा, अन्न कसे देणार आणि त्यांना बाहेर कसे काढणार, याचा लेखी आराखडाही द्यावा लागतो. आराखडा कागदावर असणे आणि मगदानच्या शाळेत रात्री गादी मिळणे यांत अंतर आहे, पण सुरुवात योग्य दिशेने आहे.

विलंबाच्या भरपाईचे नियम 1999 च्या मॉन्ट्रियल करारात आहेत. भारत 2009 पासून त्यात सहभागी आहे. मात्र नुकसान टाळण्यासाठी सर्व वाजवी उपाय योजल्याचे कंपनीने सिद्ध केले, तर तिची जबाबदारी सुटते. म्हणून प्रवास विम्याची पॉलिसी घेताना हप्त्याची रक्कम पाहण्याबरोबर दोन कलमे वाचावीत: किती तासांच्या विलंबानंतर भरपाई सुरू होते, आणि निर्बंध असलेल्या देशांतील खर्च वगळला आहे काय. बारीक अक्षरांतील हा मजकूर एजंट सहसा वाचून दाखवत नाही.

अमेरिकेत मुला-नातवंडांकडे निघालेल्या आजी-आजोबांच्या पिशव्यांत खाकरे, लाडू, सुका फराळ असतोच. पण तो बहुधा मोठ्या बॅगेत, म्हणजे विमानाच्या पोटात जातो. त्यातील दोन दिवसांचा वाटा, तितक्याच दिवसांची औषधे चिठ्ठीसह, एक उबदार शाल आणि थोडे रोख डॉलर हातातल्या पिशवीत असावेत. मुलांचे दूरध्वनी क्रमांक मोबाईलमध्ये असतात. ते एका कागदावरही लिहून घ्यावेत.

नादुरुस्त झालेले ते विमान काही दिवसांतच दुरुस्त होऊन मुंबईला परतले.